ऐबपोशी आणि हिशेब

मशिदीची वार्षिक सभा असो, मदरशाच्या समितीची बैठक असो की एखाद्या शिक्षणसंस्थेच्या विश्वस्तांचा मेळावा, कोणी उभे राहून खर्चाचा तपशील मागितला किंवा अमुक दुकान अमुक भाड्याने कोणत्या कारणासाठी दिले असे विचारले, की सभेतील एखादे वयस्कर गृहस्थ हमखास म्हणतात, "बाबा, दुसऱ्याचे ऐब झाकणे हे ईमानवाल्याचे लक्षण आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये." प्रश्न विचारणारा खाली बसतो. आपण काही गुन्हा केला असे त्याला वाटू लागते. पुढच्या वर्षी तो सभेला येत नाही.

त्या वयस्कर गृहस्थांचे म्हणणे निराधार असते तर या लेखाची गरजच पडली नसती. त्याला दीनचा आधार आहे आणि भक्कम आधार आहे. जो मुसलमान आपल्या बांधवाचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, अशा आशयाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. सूरह हुजुरातने टोह घेण्यास, पाळत ठेवण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यास मनाई केली आहे. गीबत करणाऱ्याची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाणाऱ्याशी केली आहे. याहून कठोर उपमा कोणती असणार? या आदेशांना तसूभरही कमी लेखून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

परंतु त्याच पवित्र कुरआनात सूरह बकराने साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी ठरवले आहे. सूरह निसामध्ये श्रद्धावंतांना न्यायासाठी उभे राहण्यास सांगताना, ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी ती द्यावी, असे बजावले आहे. त्याच सूरहमध्ये पुढे आणखी एक आयत येते. वाईट गोष्टीची उघड वाच्यता अल्लाहला आवडत नाही, असे सांगून तिथेच एक अपवाद ठेवला आहे: ज्याच्यावर जुलूम झाला असेल तो. झाकण्याचा आणि बोलण्याचा असे दोन आदेश एकाच ग्रंथात, कधी एकाच आयतीत शेजारी शेजारी उभे आहेत. मग सभेत उठलेल्या त्या माणसाने काय करायचे होते?

मला वाटते, पहिला प्रश्न 'झाकावे की सांगावे' हा नाहीच. ती गोष्ट कोणाच्या मालकीची आहे, हा पहिला प्रश्न आहे. एखादा माणूस घराच्या चार भिंतींआड चुकला, तर ती चूक त्याच्या व त्याच्या पालनकर्त्याच्या मधली आहे. तिथे डोकावण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, समितीला नाही आणि सरकारलाही नाही. पण जमातीच्या पेटीत पडलेला पैसा त्या माणसाचा नाही. कोणा पूर्वजाने अल्लाहच्या नावाने वक्फ केलेली जमीन त्याची नाही. त्या जमिनीविषयी घेतलेला निर्णय, त्या निर्णयाची कारणे, त्याचे कागद, त्याविषयीची माहिती, यातले काहीच त्याचे नाही. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन कराव्यात असा सूरह निसाचा आदेश आहे, आणि माहिती ही अमानतीतून वगळलेली नाही. हिशेब दडवणारा माणूस भावाचा दोष झाकत नसतो. तो अनाथाचा, विधवेचा, शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या मुलीचा हक्क झाकत असतो. ऐबपोशी हे पुण्य आहे, पण ते स्वतःच्या मालमत्तेतून करावयाचे असते; दुसऱ्याच्या पैशाने जसा सदका देता येत नाही, तशी दुसऱ्याचा हक्क बुडवून ऐबपोशी करता येत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक घटना या ठिकाणी फार उपयोगी आहे. अज्द कबिल्यातील इब्नुल लुतबिय्या नावाच्या गृहस्थांची बनू सुलैमकडून जकात गोळा करण्याच्या कामी नेमणूक झाली होती. ते परतले तेव्हा त्यांनी आणलेल्या मालाचे दोन भाग केले: हा तुमचा आणि हा मला भेट म्हणून मिळालेला. प्रेषितांनी (स.) त्यांच्याकडून हिशेब घेतला आणि विचारले की ते आईवडिलांच्या घरी बसून राहिले असते तर ही भेट त्यांच्याकडे चालत आली असती काय. त्यानंतर प्रेषितांनी (स.) लोकांपुढे भाषण केले. त्या भाषणात त्या गृहस्थांचे नाव घेतले नाही. आम्ही एखाद्याला कामावर पाठवतो आणि तो येऊन असे म्हणतो, अशा शब्दांत त्या पद्धतीचा निषेध केला आणि असा माल घेणारा कयामतच्या दिवशी तो मानेवर वाहून आणील असा इशारा दिला. वाचकहो, यातील बारकावा पाहा. त्या गृहस्थांच्या स्वभावाची, घराण्याची, पूर्वायुष्याची चर्चा झाली नाही. मात्र हिशेब झाला, आणि चूक काय होती व का होती हे सर्वांना कळले. पुढच्या जकात अधिकाऱ्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय उरली नाही. माणूस झाकला गेला आणि व्यवहार उघडला गेला.

याच भेदावर आपल्या विद्वानांनी एक संपूर्ण शास्त्र उभे केले आहे. हदीस सांगणारा माणूस सच्चा आहे काय, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, उतारवयात त्याचा गोंधळ होत होता काय, याची नोंद मुहद्दिसांनी नावानिशी केली. 'हे तर गीबत झाले' अशी शंका तेव्हाही निघाली होती. त्यांचे उत्तर असे होते की जो प्रेषितांचे वचन लोकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेतो, त्याची त्या बाबतीतील पारख ही दीनची सेवा आहे. अली इब्नुल मदीनी यांना त्यांच्या वडिलांविषयी विचारण्यात आले तेव्हा त्यांनी वडिलांना रावी म्हणून कमकुवत ठरवले, असे सांगितले जाते. बापाचा मान त्यांना ठाऊक नव्हता काय? पुढे इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबतीचे सहा अपवाद नोंदवले. जुलमाची दाद मागणे, वाईट गोष्ट थांबवण्यासाठी मदत मागणे आणि लोकांना नुकसानीपासून सावध करणे हे त्यांपैकीच आहेत. हा ग्रंथ कितीतरी मशिदींत वाचला जातो. त्यातील हे प्रकरणही तितक्याच आवडीने वाचले जावे, असे सुचवावेसे वाटते.

येथवर पैशाच्या हिशेबाविषयी बोललो. पण संस्था बुडतात त्या केवळ पैशाच्या अफरातफरीने नव्हे. जे एकाला ठाऊक होते ते दुसऱ्याला कळले नाही, म्हणूनही बुडतात. हा विषय आपल्याकडे जवळपास कोणी काढत नाही. त्यात चोर सापडत नाही, म्हणून बहुधा रसही वाटत नसावा.

हिजरी १८ च्या सुमाराची गोष्ट. हजरत उमर (रजि.) शामच्या प्रवासाला निघाले होते. सर्ग या ठिकाणी हजरत अबू उबैदा (रजि.) आणि इतर सेनानी त्यांना भेटले आणि शाममध्ये ताऊनची साथ पसरल्याचे त्यांनी सांगितले. पुढे जावे की परतावे? खलिफांनी प्रथम मुहाजिरांना बोलावले. त्यांच्यात दोन मते पडली. मग अन्सारांना बोलावले. तेथेही तेच झाले. मग मक्का विजयाच्या काळात हिजरत केलेल्या कुरैशच्या ज्येष्ठांना बोलावले. त्यांनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला. निर्णय जाहीर झाला. तेव्हा अबू उबैदा (रजि.) यांनी सर्वांदेखत आक्षेप घेतला की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात काय. उमर (रजि.) यांना हा आक्षेप आवडला नाही, हे दुसऱ्या कोणी म्हटले असते तर बरे, असे ते म्हणाले. पण त्यांनी अबू उबैदांना गप्प केले नाही, त्यांची नेमणूकही काढून घेतली नाही. त्यांनी उत्तर दिले: आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आणि एका दरीची उपमा दिली, जिची एक बाजू हिरवी व दुसरी उजाड आहे. उंट कोणत्याही बाजूला चारला तरी तो अल्लाहच्या तकदीरनेच चारला जातो.

या सर्व चर्चेच्या वेळी एक व्यक्ती तेथे नव्हती. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) काही कामासाठी गेले होते. ते आले तेव्हा म्हणाले की याविषयी माझ्याकडे ज्ञान आहे, साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आली तर तेथून पळू नये, हे मी स्वतः प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते परतले.

आपण ही कथा साथीच्या संदर्भात पुष्कळदा ऐकली. कोरोनाच्या काळात तर फारच. पण आज ती दुसऱ्या बाजूने पाहू. तीन वेळा सल्लामसलत झाली, उम्मतमधील श्रेष्ठ माणसे हजर होती, आणि तरी नेमके हवे ते ज्ञान एका गैरहजर माणसाकडे होते. सहाबांच्या जमातीत असे होऊ शकते, तर आपल्या पंधरा जणांच्या समितीत 'सर्व काही आम्हाला माहीत आहे' असे म्हणण्याला काय अर्थ उरतो? दुसरी गोष्ट म्हणजे अब्दुर्रहमान (रजि.) निर्णय झाल्यानंतर आले तरी बोलले. आता ठरलेच आहे तर कशाला, असा विचार त्यांनी केला नाही. ऐकणाऱ्याकडे ऐकण्याची तयारी होती, म्हणून सांगणाऱ्याला सांगावेसे वाटले.

ती तयारी किती होती, हे दुसऱ्या एका प्रसंगातून दिसते. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) उमर (रजि.) यांच्या दारी आले, तीन वेळा परवानगी मागितली, ती न मिळाल्याने परत गेले. विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषितांची (स.) शिकवणच तशी आहे. उमर (रजि.) यांनी साक्षीदार मागितला. अन्सारांच्या बैठकीत असे ठरले की एवढी साधी गोष्ट सांगायला आमच्यातला सर्वांत लहान जाईल, आणि हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी जाऊन साक्ष दिली. तेव्हा खलिफांनी मान्य केले की बाजारातील व्यापाराच्या गडबडीत ही गोष्ट माझ्या कानावरून गेली नाही. राज्याचा प्रमुख एका तरुणाकडून शिकतो आणि आपल्याला हे ठाऊक नव्हते असे चारचौघांत म्हणतो. आपल्या किती अध्यक्षांना हे जमेल, याचा अंदाज वाचकांनी स्वतः घ्यावा.

शूराविषयी आपण भाषणे पुष्कळ ऐकतो. मात्र सूरह आले इमरानमधील सल्लामसलतीचा आदेश कोणत्या पार्श्वभूमीवर आला, हे क्वचितच सांगितले जाते. उहुदच्या वेळी मदीनेतच राहून लढावे असा प्रेषितांचा (स.) कल होता, बाहेर पडून लढण्याचा आग्रह बहुतेकांनी, विशेषतः तरुणांनी धरला. त्यांचे ऐकले गेले. पुढे काय झाले हे आपण जाणतो: सत्तर सहाबा शहीद झाले. अशा वेळी जगातील कोणत्याही सेनापतीने म्हटले असते की आता पुन्हा तुम्हाला विचारणार नाही. आयत म्हणते ते नेमके उलट: त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना करा आणि कामात त्यांचा सल्ला घ्या. प्रामाणिकपणे दिलेला सल्ला चुकला म्हणून सल्लागाराला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी लोक फक्त गोड बोलतात, आणि गोड बोलण्यातून कोणत्याही संस्थेला आपले खरे दुखणे कळत नाही.

आणि जे कळले ते लिहून ठेवावे लागते. यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक सहाबा शहीद झाले तेव्हा उमर (रजि.) यांनी हजरत अबू बक्र (रजि.) यांना कुरआन एकत्र लिहून घेण्याची विनंती केली. जे काम प्रेषितांनी (स.) केले नाही ते मी कसे करू, असा संकोच आधी अबू बक्रांना (रजि.) आणि नंतर हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना वाटला. मन वळले ते या भीतीने की माणसे जातील तसे त्यांच्या छातीतील ज्ञानही जाईल. मग खजुरीच्या झावळ्यांवरून, पातळ दगडांवरून आणि लोकांच्या स्मरणातून ते गोळा झाले. कुरआनाचे रक्षण करण्याचे वचन स्वतः अल्लाहने दिले आहे. तरीही सहाबा हातावर हात ठेवून बसले नाहीत. मग ज्या कागदांच्या रक्षणाचे असे वचन कोणी दिलेले नाही, ते आपण कोणत्या भरवशावर एकाच्या घरातील पेटीत ठेवतो?

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये. ज्याला लिहिता येते त्याने नकार देऊ नये. आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये. या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबा. जो नोंद ठेवतो, जो पाहिलेले सांगतो, त्याच्यावर लोक उलटतात, हा मानवी स्वभाव रचणाऱ्यालाच ठाऊक होता. म्हणून त्याला संरक्षण आदेशातच दिले गेले.

आपल्या देशात हीच गोष्ट फार साध्या माणसांनी शिकवली. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोटकिराना या गावी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामाच्या हजेरीपटांतील नावे आणि मजुरीचे आकडे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले. कागदावर कोण कामाला होते आणि प्रत्यक्षात कोण होते, हे गावाला ठाऊक होते. कागदावर काय लिहिले आहे, एवढेच ठाऊक नव्हते. दोन माहित्या समोरासमोर आल्या आणि खोटेपणा उघडा पडला. या चळवळीतून आणि महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून माहितीचा अधिकार रुजत गेला. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झालेला. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत एवढेच बहुतेकांना आठवते. त्याचे कलम ४ मला अधिक मोलाचे वाटते: कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, आणि निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना निर्णयाची कारणे सांगावीत. याच कायद्यात खासगी माहितीला संरक्षणही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती रेषा बदलल्यापासून ती नेमकी कोठे असावी यावर वाद चालू आहे. तो वाद म्हणजे आपल्या लेखाचाच प्रश्न आहे.

सरकारकडे माहिती मागणारे आपण, आपल्या घरी काय करतो? सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात देशात सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता असल्याचे आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपयांच्या आसपास असल्याचे नमूद केले. त्यामागे अतिक्रमण आहे, सरकारी अनास्था आहे, न्यायालयातील विलंब आहे. हे सर्व खरे आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण त्यामागे आपल्या हातांनी न लिहिलेल्या वह्याही आहेत. मुतवल्लींनी मालमत्तेचे वर्णन व तपासलेले हिशेब सादर करावेत ही तरतूद १९२३ च्या कायद्यातच होती. १९९५ च्या कायद्यानेही वार्षिक हिशेब बंधनकारक केला. शंभर वर्षांनंतरही कित्येक ठिकाणी चित्र असे दिसते की कब्रस्तानची हद्द कोणत्या झाडापर्यंत आहे हे एका वृद्ध मुअज्जिनांना ठाऊक असते, भाडेकरार तोंडी असतो, मोजणीचा नकाशा कोणा वकिलाकडे 'असावा', आणि मुतवल्लींचे निधन झाले की त्यांची मुले चाव्या तेवढ्या आणून देतात. न्यायालयात प्रतिपक्ष कागद घेऊन उभा राहतो. आपण अश्रू घेऊन.

यावर आक्षेप येतो की दिवस वाईट आहेत, आपली उणीदुणी उघड केली तर विरोधक त्यांचा वापर करतील. ही भीती खोटी नाही. पण विरोधकाच्या हाती सापडते ते बहुधा आपण लपवलेले असते. आपणच फलकावर लावलेल्या हिशेबाचे तो काय करील? मशिदीच्या दाराशी नमाजच्या वेळांचा फलक असतो. त्याच्या शेजारी महिन्याचा जमाखर्च, दुकानांची भाडी आणि बैठकीतील ठराव लावण्यास कागदाच्या दोन ताव्यांपलीकडे काय लागते? अनेक जमाती असे करतातही, आणि तेथे भांडणे कमी होतात असे नाही, पण भांडणे आकड्यांवर होतात, एकमेकांच्या बापजाद्यांवर होत नाहीत.

प्रश्न विचारणाऱ्यावरही बंधने आहेत आणि ती हलकी नाहीत. एखादी बातमी आली तर तिची खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचवाल आणि पस्तावाल, असा इशारा सूरह हुजुरातमध्ये आहे. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपच्या गटात 'अमुक साहेबांनी पैसे खाल्ले' असे लिहिणारा हिशेब मागत नसतो, तो गीबत किंवा बोहतान करत असतो. हिशेब मागणारा पावतीचा क्रमांक विचारतो. तो आधी संबंधिताला एकांतात भेटतो, उत्तर मिळाले नाही तर सभेत लेखी प्रश्न ठेवतो, आणि विश्वस्ताच्या मुलीच्या लग्नातील खर्चाशी त्या प्रश्नाची सांगड घालत नाही. उत्तर समाधानकारक आले तर ते ज्या आवाजात प्रश्न विचारला त्याच आवाजात मान्य करतो.

आपल्या समित्यांत प्रामाणिक माणसे फार आहेत, हे जाताजाता नोंदवले पाहिजे. फुकट वेळ देणारी, स्वतःच्या खिशातून वीजबिल भरणारी, पावसाळ्यात गळक्या छतावर चढणारी. हिशेब मागितला की सर्वांत जास्त दुखावतात तीच. त्यांना वाटते, इतकी वर्षे केले आणि आज अविश्वास? त्यांच्यासाठी एक विनंती. ज्यांनी खिशातून वीजबिल भरले त्यांनी तेही वहीत लिहावे. त्यांच्या पश्चात दहा वर्षांनी कोणी विचारील की त्या वर्षी दुकानाचे भाडे इतके कमी का होते. भाडेकरू विधवा होती, समितीने एकमताने सवलत दिली होती, ही गोष्ट इतिवृत्तात असेल तर त्यांच्या मुलांना मान खाली घालावी लागणार नाही.